सांध्यातली खडखड : डॅशबोर्ड आणि त्याच्या आवाजाचा इतिहास

मोटारीच्या चालकासमोर आडवी बसवलेली, वेगमापक, कप्पे, हवेच्या जाळ्या आणि बटणे धारण करणारी जी रचना आज डॅशबोर्ड म्हणून ओळखली जाते, तिचे नाव मोटारीपेक्षा जुने आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील घोडागाड्यांवर गाडीवानाच्या पायांपुढे लाकडाची किंवा चामड्याची एक उभी फळी लावलेली असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल तिच्यावर आदळे आणि आत बसणाऱ्यांचे कपडे वाचत, म्हणून तिला ‘चिखल उडतो ती फळी’ अशा अर्थाचे हे इंग्रजी नाव पडले. पुढे घोडा गेला, पण फळी राहिली. अमेरिकेत १९०१ ते १९०७ या काळात तयार झालेल्या ओल्ड्समोबीलच्या लहान मोटारीपुढे चिखल उडवणारे जनावर नव्हते, तरीही बर्फावरच्या घसरगाडीसारखी वळवलेली ती फळी तिच्यावर होती आणि त्या वळणावरूनच ‘कर्व्ह्ड डॅश’ हे त्या मोटारीचे नाव रूढ झाले.

१९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीत ही फळी इंजिन आणि माणूस यांच्यामधला पडदा बनली. या लाकडी पडद्यावर कॉइलची पेटी बसवलेली असे. इंजिनातील इंधन पेटवण्यासाठी लागणारी ठिणगी निर्माण करणाऱ्या चार कॉइली तिच्यात असत, आणि त्यांच्या थरथरणाऱ्या पात्यांचा गुणगुणणारा आवाज चालकाला समोरच ऐकू येई. डॅशबोर्डचा हा पहिला नियमित आवाज दोष नव्हता, तर खूण होती. तो थांबला तर ठिणगी थांबली, असे चालक समजून घेत. मोटारीचा आवाज ऐकून तिची प्रकृती ओळखण्याची सवय या काळातल्या मालकांना लागली ती गरजेपोटी, कारण गावोगावी गॅरेज नव्हते आणि दुरुस्ती बहुधा घरीच करावी लागे.

या आवाजापेक्षा वेगळा, नको असलेला आवाज येत होता तो मोटारीच्या सांगाड्यातून. आरंभीच्या मोटारींचे सांगाडे बग्गी बनवणाऱ्या कारागिरांच्याच हातचे होते : ॲश वृक्षाच्या लाकडाची चौकट, तीत कुसू आणि खाच बसवून केलेले सांधे, आणि वरून ठोकलेला पत्रा. घोड्याच्या वेगाला पुरणारे हे सांधे इंजिनाच्या थरथरीला आणि मोटारीच्या वेगाला पुरत नसत. लाकूड आटे, खिळे सैल होत, आणि लाकडावर लाकूड घासून करकर सुरू होई. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे दुखणे अपरिचित नव्हते. बैलगाडीचे चाक आसावर कोरडे फिरू लागले की ते कुरकुरते आणि त्यावर वंगण हाच उपाय, हे प्रत्येक गाडीवान जाणत होता; पण जिथे फिरणे अभिप्रेत आहे त्या सांध्याला वंगण चालते, जिथे स्थिर राहणे अभिप्रेत आहे त्या सांध्याला ते पुरत नाही, आणि मोटारीच्या सांगाड्यातले बहुतेक सांधे या दुसऱ्या प्रकारचे होते.

या प्रश्नाचे सर्वांत मूलगामी उत्तर १९२०च्या दशकाच्या आरंभी पॅरिसमध्ये सापडले, आणि ते शोधणारा माणूस मोटारींचा नव्हे, तर विमानांचा होता. चार्ल्स वायमन या वैमानिक व विमाननिर्मात्याने असा विचार मांडला की सांधा घट्ट करण्याची धडपड करण्याऐवजी लाकडाला लाकूड लागूच देऊ नये. त्याच्या पद्धतीत चौकटीचे दोन लाकडी भाग एकमेकांपासून थोड्या अंतरावर ठेवून पोलादी पट्ट्यांनी जोडले जात, मधली फट मुद्दाम राखली जाई, आणि संपूर्ण सांगाड्यावर पत्र्याऐवजी कापूस व कापडाचे थर देऊन वरून चामड्यासारखे दिसणारे कापड ताणून बसवले जाई. आसनेही सांगाड्याला न जोडता थेट खालच्या चासीवर बसवलेली असत. रस्त्यावर चासी पिळवटली तरी सांगाडा तिच्याबरोबर लवचीकपणे वाकत असे, परंतु घासायला काही नसल्यामुळे तो बोलत नसे. आवाज वस्तूत नसतो, तो दोन वस्तूंच्या भेटीत असतो, हे ओळखून त्यावरच संपूर्ण वाहन रचणारा वायमन हा या इतिहासातील सर्वांत दूरदर्शी कारागीर मानावा लागतो. युरोपातील अनेक निर्मात्यांनी त्याची पद्धत परवान्याने स्वीकारली, तरी ती दशकभरच टिकली : कापड ओलाव्याने खराब होई, त्याला नव्या रंगांची चकाकी येत नसे, आणि तोवर पोलादी सांगाडा स्वस्त होऊ लागला होता.

फिलाडेल्फियातील एडवर्ड बड याच्या कारखान्याने १९१४ नंतर डॉज मोटारींसाठी पूर्ण पोलादी सांगाडे पुरवायला सुरुवात केली आणि पुढे हीच रीत जगभर पसरली. पत्र्याला पत्रा वितळवून जोडला की सांधाच उरत नाही, म्हणून करकर संपली. मात्र मोठा मोकळा पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा घुमतो, त्यामुळे त्याला आतून डांबरी थर आणि नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड, चिकटवावे लागले. डॅशबोर्डही आता रंगवलेल्या पत्र्याचा झाला. तो सांगाड्याचाच भाग असल्याने स्वतः गप्प राही, आणि आवाज येई तो त्याच्यावर टांगलेल्या वस्तूंचा : कप्प्याच्या झाकणाचा, राखदाणीचा, सैल झालेल्या बटणाचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ओगिल्व्ही याने रोल्स-रॉइससाठी लिहिलेली जाहिरात गाजली. ताशी ६० मैल वेगाने जाताना या मोटारीत सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो, असा तिचा आशय होता. डॅशबोर्डवरील घड्याळाची टिकटिक ही शांततेची पराकाष्ठा म्हणून विकली गेली, यावरून इतर मोटारींत त्या जागी काय ऐकू येत असेल याची कल्पना करता येते.

पत्र्याचा डॅशबोर्ड गेला तो आवाजामुळे नव्हे. अपघातात माणसाचे डोके आणि छाती त्यावर आदळत आणि पुढे आलेली बटणे शरीरात घुसत, म्हणून फोर्डने १९५६ मध्ये जास्तीच्या किमतीला गादीदार डॅशबोर्ड देऊ केला; राल्फ नेडर यांच्या १९६५ मधील ग्रंथाने हा प्रश्न सार्वजनिक केला, १९६६ मध्ये अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला, आणि १९६८ पासून मोटारीच्या अंतर्भागाला आघात सोसण्याचे मानक लागू झाले. पत्र्याची जागा फेस भरलेल्या मऊ आवरणाने आणि पुढे साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकने घेतली. प्लॅस्टिक हलके आणि स्वस्त होते हे खरे; पण त्याच्या आगमनामागे माणसाचा जीव वाचवण्याची निकड होती, ही गोष्ट आजच्या खडखडीला नावे ठेवताना विसरली जाते आणि ती विसरली जाऊ नये.

आता एका अखंड पत्र्याऐवजी अनेक तुकडे क्लिपांनी एकमेकांत अडकवलेले असत, आणि त्यांची प्रकृती सांगाड्याहून वेगळी होती. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी तापमान ३० अंशांनी वाढल्यास सुमारे ०.३६ मिलिमीटर वाढते. डॅशबोर्डसाठी वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकची तेवढीच पट्टी दोन मिलिमीटरांहून अधिक वाढू शकते. म्हणून पहाटेच्या थंडीत सैल असलेला सांधा दुपारी घट्ट होतो, आणि सकाळी ऐकू आलेली खडखड गॅरेजवाल्याकडे पोहोचेपर्यंत नाहीशी होते. ग्राहक आणि मिस्त्री यांच्यातील पुष्कळ गैरसमजांचे मूळ या दोन मिलिमीटरांत आहे.

या आवाजांचे वर्गीकरण करण्यासाठी अभियंत्यांनी नंतर स्वतंत्र संज्ञा घडवल्या, पण मराठीच्या अनुकरणवाचक शब्दांत, म्हणजे आवाजाचीच नक्कल करून बनलेल्या शब्दांत, ते काम आधीच झालेले दिसते. ‘खडखड’ म्हणजे दोन कठीण वस्तू सुटून पुन्हा आपटण्याचा आवाज. तिचे कारण फट. ‘करकर’ म्हणजे दाबून बसलेल्या दोन वस्तू घासण्याचा आवाज. येथे फट नसते, उलट दाब असतो, आणि एक पृष्ठभाग दुसऱ्याला क्षणभर चिकटून मग झटकन सुटतो. व्हायोलिनचा गज तारेला याच रीतीने बोलती करतो. ‘खुळखुळ’ म्हणजे पोकळीत सुटलेली लहान वस्तू, आणि ‘गुणगुण’ म्हणजे पातळ भाग इंजिनाच्या कंपनाशी सूर जुळून थरथरणे. शब्द नेमका सापडला की अर्धे निदान होते, कारण खडखडीचा सांधा भरावा लागतो आणि करकरीचा सांधा वेगळा करावा लागतो. एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर आवाज वाढतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात या स्थित्यंतराचे दोन टप्पे स्पष्ट दिसतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० च्या घराण्यातील जी मोटार बनत राहिली आणि १९७०च्या दशकात प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली, ती मूळ पत्र्याच्या युगातली होती. तिच्या गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर असे, आणि तेथून खाली जाणाऱ्या सळ्यांचे बुश, म्हणजे सांध्यात बसवलेली लहान कडी, झिजले की डॅशबोर्डखाली खडखड सुरू होई. नवी मोटार मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत असल्याने जुनी मोटार टिकवण्याशिवाय मार्ग नव्हता. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, घडी घातलेला पुठ्ठा, नमद्याचा तुकडा अशा घरगुती सामग्रीने सांधे भरले जात. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ही मोटार अखेरपर्यंत धावली. २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. दुसरा टप्पा डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बरोबर आला. प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड आणि तीन सिलिंडरांचे इंजिन यांची भारतीय मध्यमवर्गाला तेव्हापासून सवय झाली, आणि ट्यूबच्या पट्टीची जागा हळूहळू फेसाच्या व कापडी पोताच्या चिकटपट्टीने घेतली.

मालकाने स्वतः दुरुस्ती करण्याच्या प्रथेला छापील आधार पाश्चात्त्य देशांत लवकर मिळाला. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स याने १९६६ मध्ये काढलेल्या पहिल्या पुस्तिकेपासून प्रत्यक्ष मोटार सुटी करून तिची छायाचित्रे देण्याची पद्धत रुळली. परंतु आवाज छायाचित्रात येत नाही, आणि म्हणूनच खडखडीचा शोध हा या प्रथेतील सर्वांत कानावर अवलंबून असलेला भाग राहिला. त्याची रीत अनुभवातून ठरत गेली. प्रथम कप्पे, दारांचे खण आणि आसनांखालची जागा पूर्ण रिकामी केली जाते, कारण पुष्कळदा खडखड एखाद्या नाण्याची किंवा चष्म्याच्या डबीची निघते. नंतर मोटार उभी ठेवून इंजिनाचा वेग सावकाश वाढवला जातो. चार सिलिंडरांच्या इंजिनात मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात, ३००० फेऱ्यांवर १००; एखाद्या ठरावीक वेगालाच गुणगुण येत असेल तर ती इंजिनाच्या कंपनाची, आणि उभ्या मोटारीत काहीच न येता खड्ड्यावरच खडखड येत असेल तर ती रस्त्याच्या धक्क्याची, असा निवाडा होतो.

जागा शोधताना कान फसतो, कारण डॅशबोर्डचा आवाज समोरच्या काचेवर आपटून परततो आणि काचेच्या कडेला असलेली खडखड कप्प्यात आहे असे वाटते. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लेनेक या वैद्याने कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीवर टेकवून स्टेथोस्कोपचा पाया घातला. तीच युक्ती मोटारीतही चालते, आणि कानाला लावलेली साधी नळी काचेचा परावर्तित आवाज वगळून नेमक्या सांध्याकडे नेते. त्याहूनही खात्रीचे साधन तळहात होय : शेजारी बसलेल्याने एकेक भाग दाबत जावे, आणि ज्या दाबाने आवाज थांबेल तेथे मास्किंग टेपचा तुकडा लावून खूण करावी. एका वेळी एकच सांधा हाताळणे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक मोडला जाणारा नियम आहे, कारण पाच ठिकाणी एकदम पट्ट्या लावल्यास कोणती उपयोगी पडली हे कधीच कळत नाही. रबराच्या कडेची करकर सिलिकॉनच्या वंगणाने थांबते. खनिज तेल तेथे वापरल्यास बहुतेक रबर फुगते आणि काही प्लॅस्टिकांना तडे जातात.

या स्वावलंबनाला खरी मर्यादा पडली ती एअरबॅगमुळे. अपघातात क्षणार्धात फुगणारी ही पिशवी डॅशबोर्डच्या आत बसवलेली असते. भारतात नव्याने बाजारात येणाऱ्या मोटारींच्या मॉडेलांत चालकाशेजारच्या आसनासाठी ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. तिच्या झाकणाच्या फटीत नमदा किंवा चिकटपट्टी भरल्यास उघडण्याच्या वाटेत अडथळा येऊ शकतो, आणि तिच्या जोडण्या चुकीच्या रीतीने सोडवल्यास ती हातातच फुटू शकते. म्हणून झाकणाच्या आसपासचा आवाज प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावा लागतो. घरच्या कामासाठी उरतात ते कप्प्याचे बिजागर, हवेच्या जाळ्या, खालच्या बाजूची आवरणे आणि तारांची जुडगी.

विद्युत मोटारीने हा इतिहास पुन्हा वेगळ्या वळणावर आणला आहे. इंजिनाचा घोष इतकी वर्षे ज्या बारीक आवाजांना झाकत होता ते आता उघडे पडले आहेत, त्यामुळे तारांची जुडगी कारखान्यातच मऊ पोताच्या टेपने गुंडाळली जातात आणि कोणते प्लॅस्टिक कोणत्या प्लॅस्टिकवर करकरते याच्या चाचण्या डॅशबोर्ड घडण्यापूर्वीच केल्या जातात. मालकाच्या हातून मात्र उभ्या मोटारीची जुनी परीक्षा गेली आहे, कारण वेग वाढवून पाहण्यासाठी इंजिनच नाही. आता मोटार दुसऱ्याच्या हाती देऊन खडबडीत रस्त्यावर सावकाश चालवायला सांगावी लागते आणि शोधणाऱ्याला शेजारच्या आसनावर बसून, एक तळहात डॅशबोर्डवर टेकवून ऐकावे लागते.