९७ टक्क्यांवर अडकलेलं विमान

रिलीजच्या आधी
'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४' हा गेम बनवणाऱ्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने रंगीत तालीम केली होती. दोन लाख बनावट खेळाडू सर्व्हरवर सोडून पाहिले, सर्व्हर टिकला. गेमच्या २०२०च्या आवृत्तीला डिस्कवर १५० जीबी जागा लागायची. २०२४ची ५० जीबीत भागणार होती. विमानं, विमानतळ, डोंगरदऱ्या लागतील तशा सर्व्हरवरून येणार. कागदावर झकास! फक्त आता सर्व्हर बसला की गेमही बसणार होता.

१९ नोव्हेंबर २०२४, भारतात रात्री साडेनऊच्या सुमारास
गेम खुला झाला. खेळाडूचा पीसी सर्व्हरकडे सामान मागतो, सर्व्हर डेटाबेसकडे. दर वेळी तिथवर हेलपाटा नको म्हणून मध्ये कॅशे असतो. वाणी रोज खपणारा माल गोदामात न ठेवता गल्ल्याशेजारी ठेवतो, तसा. झुंबड नेमकी त्या गल्ल्यावर उडाली.

पहिला टप्पा
लॉगिनची रांग हलेना. पीसीवर गेम अडकला की गेमरचे हात आपोआप चालू लागतात: ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने टाका, फाइल्स व्हेरिफाय करा, अँटिव्हायरस बंद करा, ओव्हरक्लॉक उतरवा, तरीही नाही तर सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करा. एरवी हे उपाय चालतात. पण त्याआधी टास्क मॅनेजर उघडून बघावा. प्रोसेसर निवांत, ग्राफिक्स कार्ड थंड, नेटवर्कची रेघ जमिनीला टेकलेली, असं दिसलं की घरातल्या यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्या रात्री तर गेम बंद करून पुन्हा सुरू करणारा प्रत्येक जण आधीच दमलेल्या सर्व्हरकडे आणखी एक मागणी पाठवत होता. दुरुस्तीच्या धडपडीनेच गर्दी वाढत होती.

दुसरा टप्पा
असोबोने सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या, रांगेचा वेग पाचपट केला. गाडी रुळावर आली असं वाटलं.

त्यानंतर अर्ध्या तासाने
कॅशे पुन्हा कोसळला. नवल नाही, दार रुंद केलं, पण आतला गल्ला तेवढाच होता. सर्व्हिसेस बंद पडत, उठत, तीच मागणी पुन्हा करत राहिल्या. लोडिंगची पट्टी ९७ टक्क्यांपर्यंत जायची आणि तिथेच बसायची. तीन टक्क्यांसाठी कोण उठून जाणार? लोक बघत बसले. स्टीमवर नकारात्मक शेऱ्यांचा खच पडला.

रात्र चढल्यावर
आत शिरलेल्यांची वेगळीच तऱ्हा. कुणाला विमानच दिसेना, कुणाला अर्धवट सामान मिळालेलं; सर्व्हरकडून जे आलं नाही, ते गेममध्ये नव्हतंच. त्याच दिवशी असोबोचे सेबास्टियन व्लॉश आणि मायक्रोसॉफ्टचे यॉर्ग नॉयमन यांनी व्हिडिओ काढून हा सगळा प्रकार सांगितला. एवढ्या गर्दीचा अंदाजच आला नव्हता, हे नॉयमननी आडपडदा न ठेवता कबूल केलं. इतक्या स्पष्टपणे बोलणाऱ्या कंपन्या कमीच. मात्र खेळाडूंना करता येण्याजोगा उपाय त्या रात्री एकच होता: गेम बंद करून झोपणे.