माणसे पंथाच्या नादी का लागतात?

१८ नोव्हेंबर १९७८ रोजी दक्षिण अमेरिकेतील गयाना देशाच्या अरण्यात, जोन्सटाउन नावाच्या वसाहतीत, ९०९ माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेकांचा अंत विषाने झाला. त्यांत तीनशेच्या आसपास मुले होती. ही सारी ‘पीपल्स टेंपल’ या पंथाची माणसे. वार्ता ऐकून जगाने एकच उद्गार काढला : ही माणसे वेडी असली पाहिजेत! हा उद्गार सोयीचा खरा. तो काढला की आपण आपोआप शहाणे ठरतो. परंतु इतिहासाची साक्ष निराळी आहे, आणि ती श्रोत्यांनी ऐकावी अशी आमची विनंती आहे.

जिम जोन्स या धर्मोपदेशकाने १९५० नंतरच्या दशकात इंडियानापोलिस शहरी हा पंथ काढला. त्या काळी तेथे गोरे आणि काळे देवाच्या दारीही वेगळे बसत. जोन्सने त्यांस एका बाकावर बसविले, भुकेल्यांसाठी अन्नछत्र घातले, वृद्धांसाठी निवारे काढले. १९६५ मध्ये पंथ कॅलिफोर्नियात गेला. तेथे व्यसनात बुडालेल्या तरुणांना त्याने हात दिला. १९७६ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोच्या महापौरांनी जोन्सला शहराच्या गृहनिर्माण मंडळावर नेमले. पुढारी ज्यास मान देतात, त्याच्यावर एखाद्या गरीब विधवेने विश्वास ठेवला, तर तिला वेडी कसे म्हणावे? ती पंथाच्या शोधात आलीच नव्हती. ती आली होती जिव्हाळ्याच्या शोधात.

पाश आवळला गेला तो पुढे, आणि तोही हळूहळू. आधी मिळकतीचा काही भाग, मग पेन्शन, मग घर. मग भरसभेत दोषांची कबुली. मग स्वतःवरच बालंट आणणाऱ्या कागदांवर सही. प्रत्येक पायरी लहानच. कालची चढलो, तर आजची का नको, असे मन म्हणते. मागे फिरणे म्हणजे इतकी वर्षे वाया गेली हे मान्य करणे. ते कोणास सोपे आहे? जोन्सटाउनमध्ये तर पारपत्रे काढून घेतली गेली, पत्रे तपासली जाऊ लागली, सशस्त्र पहारे बसले. अमेरिकन लोकप्रतिनिधी लिओ रायन चौकशीस आले, तेव्हा काहींनी त्यांच्याबरोबर परत जाण्याचे धाडस केले. विमानाच्या धावपट्टीवर रायन यांच्यासह पाचजण गोळ्यांना बळी पडले.

म्हणून आमचे म्हणणे असे, की पंथाची परीक्षा त्याच्या शिकवणुकीवरून किंवा सत्कार्यावरून करू नये. तेथून बाहेर पडू पाहणाऱ्याचे काय होते, यावरून करावी. आणि आपल्यातला कोणी नादी लागलाच, तर त्याला मूर्ख म्हणण्याआधी स्वतःस विचारावे : तेथे त्याला जे मिळाले, ते आपल्या घरी, आपल्या आळीत का मिळाले नाही? मूर्ख म्हटले, की त्याच्या परतीची उरलीसुरली वाटही आपणच बंद करतो.

जोन्सटाउनच्या मृतांपैकी चारशेहून अधिक देहांची ओळख पटली नाही, किंवा ते नेण्यास कोणी आले नाही. त्यांना जागा देण्यास स्मशानभूम्याही कचरल्या. अखेर १९७९ मध्ये ओकलंडच्या एका दफनभूमीने त्यांस पोटात घेतले. यांतील कितीकांना जिवंतपणी शेजारी बसवून घेणारे कोणी नव्हते. जोन्सने बसवून घेतले, एवढ्यावरच ते त्याच्यामागे गेले होते.