आमच्या यवतमाळचा टिकाव



हल्ली पेपरात 'शाश्वत विकास', 'शाश्वत शहर' हे शब्द रोज भेटतात. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल आला, तेव्हापासून हा विचार जगभर फिरतो आहे. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. 'शाश्वत' म्हटलं की मला आत्मा, ब्रह्म असलंच काहीतरी आठवतं. आमच्या नळाला शाश्वत म्हणायला जीभ धजत नाही! त्यापेक्षा आपला साधा 'टिकाव' बरा. टिकाव धरणं म्हणजे तग धरणं, आणि टिकाव म्हणजे खणायचं हत्यारसुद्धा. दोन्ही अर्थ लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

तर आमचं यवतमाळ टिकाव धरणारं गाव आहे का? चाळीसेक वर्षं पेपर तपासले, तेव्हा गावाचाही एक पेपर तपासून बघू म्हटलं. पण विद्यार्थ्याला मार्क देण्याआधी त्याचं घर कसं आहे ते ठाऊक असावं लागतं. म्हणून आधी थोडा भूगोल आणि बराचसा इतिहास.

अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातल्या परगण्यांत 'योत-लोहारा' असं नाव येतं. योत म्हणजे येवता, आजचं यवतमाळ. आणि लोहारा म्हणजे पश्चिमेला लागून असलेलं आपलं लोहारा. 'महाल' म्हणजे परगणा, त्याचा 'माळ' झाला असं गॅझेटियर सांगतं. अर्थ बदलला तरी शब्द शोभला, कारण गाव खरंच माळावर आहे. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर. उत्तरेला अन् पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, आणि आपण मधल्या उंचवट्यावर. बेंबळा आपलं पाणी वर्धेकडे नेते. वाघाडी घाटंजीवरून दक्षिणेकडे पैनगंगेच्या खोऱ्यात जाते. वर्धा आणि पैनगंगा वणी तालुक्यात जुगादजवळ एकमेकींना भेटतात, आणि ते सगळं पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे पाऊस आपल्या माथ्यावर पडतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. खाली काळा पाषाण. त्यात पाणी मुरतं ते भेगांतून, सावकाश. पावसाला तेवढी सवड नसते.

आता इतिहास. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि इंग्रजांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. १८६४ मध्ये हा जिल्हा वेगळा काढला गेला. पुढे त्याचं नाव 'वणी' होतं, १९०५ मध्ये 'यवतमाळ' झालं. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. आपल्याला जवळचं स्टेशन धामणगाव, तिथपर्यंत पक्की सडक. कापसाच्या बंड्यांची रांगच्या रांग त्या सडकेनं जायची, असं आमचे आजोबा सांगायचे. १९०१ च्या खानेसुमारीत गावची वस्ती साडेदहा हजारांच्या आसपास होती. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे टाकली. तीच आपली शकुंतला! १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. कापूस गेला मँचेस्टरला आणि इंजिन आलं मँचेस्टरहून. हिशेब कसा चोख!

मी वर्गात हे सगळं 'दळणवळणाची साधने' या धड्यात शिकवत असे. आज मागे वळून बघते तेव्हा वेगळीच गोष्ट दिसते. सडक असो की रेल्वे, प्रत्येक सोय बाहेर नेण्याची होती. कापूस बाहेर, लाकूड बाहेर. आणि पाणी तर उतारामुळे आपणहूनच बाहेर! गावात काही थांबावं, मुरावं, यासाठी फारसं कोणी काही केलं नाही.

जंगलाचीही तीच कथा. १८७८ च्या कायद्यानं जंगलं राखीव झाली. ज्यांनी पिढ्यानपिढ्या गवत कापलं, ढोरं चारली, त्यांना परवाना लागू लागला. म्हणूनच १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह देशभर गाजला, तेव्हा समुद्र नसलेल्या आपल्या जिल्ह्यानं जंगल सत्याग्रह केला. जुलै महिन्यात वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून कायदा मोडला. त्याच महिन्यात आपल्या लोहाऱ्याच्या जंगलातही सत्याग्रह झाला. आज त्याच लोहाऱ्यात औद्योगिक वसाहत आहे आणि गेल्या दशकात ते शहराच्या हद्दीतही आलं. ज्या गवतासाठी माणसं तुरुंगात गेली, ते गवत आता हुडकावं लागतं.

बरं, आता पाणी. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात विहीर होती, तिच्यावर चार घरांचं भागायचं. पितळी गुंड, दोर आणि आईची शिस्त: भांडी घासलेलं पाणी केळीला, आंघोळीचं अळूला. पुढे नळ आले आणि विहिरीवर झाकण पडलं. शहराजवळ निळोणा आणि चापडोह ही धरणं झाली, त्यांच्यावर गाव वाढलं. २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीत १ लाख १६ हजार माणसं होती. त्यानंतर आजूबाजूची गावं हद्दीत आली, म्हणजे आज कितीतरी जास्त.

२०१७ साली पाऊस दगा देऊन गेला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात दोन्ही धरणं आटली. इथं राहिलेल्यांना ते सांगायला नको; बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी सांगते. नळ पंधरा-वीस दिवसांनी यायचा, कधी त्याहून उशिरा. रात्री दोन वाजता टँकरचा आवाज आला की सगळी गल्ली जागी. आमच्याकडे दोनशे लिटरचे तीन ड्रम होते. लग्नात आहेर म्हणून ड्रम द्यावा, असा विनोद तेव्हा चालायचा. शेजारच्या घरातली बाळंतीण आठव्या दिवशी माहेरी परत पाठवली, कारण बाळाचे कपडे धुवायला पाणी नव्हतं. हा विनोद नाही.

आणि मग २२ जुलै २०२३. एका रात्रीच्या पावसानं शहरातल्या सखल वस्त्यांत पाणी घुसलं, वाघाडीला पूर आला. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पंचेचाळीस माणसं अडकली, त्यांच्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना बोलावलं गेलं. मंडळी, पाच वर्षांत एकाच गावानं दोन्ही बघितलं. बादलीभर पाण्यासाठी रांग आणि घरात गुडघाभर पाणी. ही दोन संकटं वेगळी आहेत असं आपण समजतो. मला ते एकाच दुखण्याचे दोन झटके वाटतात. माथ्यावर पाणी थांबत नाही, हे ते दुखणं.

उपाय म्हणून केंद्राच्या 'अमृत' कार्यक्रमातून बेंबळा धरणाचं पाणी शहराकडे आणायची योजना आखली गेली, आणि ती वर्षानुवर्षं रखडली. बेंबळाचं पाणी हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण नीट बघा. आपल्याच उंचवट्यावर पडलेलं पाणी खाली बाभुळगाव तालुक्यात जातं, तिथं धरणात साठतं आणि वीज जाळून पुन्हा वर चढवायचं! पंपाचं बिल कधीच संपणार नाही.

गंमत म्हणजे जलसंधारणाचा पहिला धडा आहे 'माथा ते पायथा'. पाणी अडवायची सुरुवात माथ्यापासून करायची. महाराष्ट्रात जलसंधारणाचं स्वतंत्र खातं १९९२ मध्ये सुरू झालं ते सुधाकरराव नाईकांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात. सुधाकरराव आपल्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. त्यांचा स्मृतिदिन, १० मे, राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळतात. १९७२ च्या दुष्काळात मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, तेही गहुलीचेच. ज्या जिल्ह्यानं राज्याला हा धडा दिला, त्याचं मुख्य गाव नेमकं माथ्यावर आहे, आणि तेच गृहपाठ करत नाही!

आता थोडं गणित. घाबरू नका, पाचवीचं आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस धरा. हजार चौरस फुटांच्या छतावर त्यातून ८३ हजार लिटर पाणी पडतं. गळती, बाष्प, पहिला घाण पाऊस वजा करा, तरी ६५ हजार उरतं. पाच माणसांच्या घराला प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला ५० लिटर, म्हणजे वर्षाला सव्वाअठरा हजार. तिप्पट पाणी आपल्या डोक्यावरून वाहून जातं, आणि आपण टँकरची वाट बघत बसतो.

पुण्याचा माझा भाचा यंदा विचारत होता, "मावशी, यवतमाळचं घर विकून टाकायचं का? पुढे तिथं कोण राहणार? पाणीच नाही." प्रश्न रास्त आहे. तीन पिढ्यांचं घर, त्यात चार जणांचा वाटा. अशी घरं आज गल्लोगल्ली आहेत, ती विकायची की ठेवायची हे शेवटी पाण्यावरच ठरतंय. मी त्याला म्हटलं, "विकू नकोस, पण अंगणात गट्टूही बसवू नकोस." अंगणात गट्टू, गल्लीत सिमेंट, मग पाण्यानं मुरायचं तरी कुठं? गेल्या वर्षी आम्ही छताचं पाणी गाळून जुन्या विहिरीत सोडलं. एका पावसाळ्यानं चमत्कार होत नाही, मला ठाऊक आहे. पण यंदा मे महिन्यात विहिरीच्या तळाशी पाणी दिसलं. गेल्या मेमध्ये तिथं कोरडी माती होती.

आता मार्कांकडे येते. हवा आणि झाडं यांना मी बरे मार्क देईन. जिल्ह्यात अजून जंगल आहे. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला एक वाघ हजारावर किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत पोचला. वाघाला अजून वाट सापडते, हे काही थोडं नाही. कचऱ्यात नापास. प्रवासात जेमतेम: शकुंतला बंद पडली, आणि वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली ती २८ फेब्रुवारी २०२४ ला, यवतमाळची गाडी अजून यायची आहे.

पण सगळ्यात कठीण पेपर गावाच्या हद्दीबाहेरचा आहे. बाजारपेठ चालते ती कोरडवाहू कापसावर, आणि तो पिकवणाऱ्याची स्थिती आपण जाणतो. चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला सहकुटुंब जीवन संपवलं, तिथून ही यादी सुरू झाली असं मानतात. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले. खेड्याला जगवल्याशिवाय शहराचा टिकाव लागेल, असं मला तरी वाटत नाही. माथ्यावर अडलेलं पाणी आधी पायथ्याच्या विहिरीलाच लाभतं. आपलं आणि त्यांचं हित इथं तरी एकच आहे.

थोडक्यात, एकूण निकाल: नापास नाही, पण वरच्या वर्गात घालावा असाही नाही. फेरपरीक्षा!

'बहात्तरच्या दुष्काळात लोक टिकाव-फावडं-घमेलं घेऊन कामावर गेले आणि जगले. आज टिकाव हातात घ्यायचा तो आपापल्या अंगणात, एक शोषखड्डा खणण्यापुरता. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल; खाली मोठे दगड, वर गिट्टी, मग वाळू. दोन माणसांचं एका दिवसाचं काम.

यवतमाळच्या मंडळींना एक विनंती. तुमच्या गल्लीत बुजवलेली किंवा झाकलेली विहीर असेल तर मला कळवा. मी एका वहीत यादी करते आहे. आतापर्यंत एकवीस झाल्या.