पूर्णाकाठचा वाकाटक काळ आणि तो उलगडणारे विद्यार्थी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे मातीचे धरण आहे. 1968 साली ते पुरे झाले आणि साडेबावीस मेगावॅट क्षमतेच्या वीजघरामुळे गावाचे नाव मराठवाडाभर पोहोचले. परिसरात जुन्या खुणा पुष्कळ आहेत. चारठाण्याची यादवकालीन मंदिरे आणि जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी ही त्यांतली ठळक नावे. या खोऱ्याचा लेखी इतिहास मात्र यादवांच्याही सात-आठ शतके मागे जातो. येलदरीच्या ईशान्येला वाशीम आणि आग्नेयेला नांदेड आहे. चौथ्या-पाचव्या शतकांत हा सारा पट्टा वाकाटक राजघराण्याच्या वत्सगुल्म शाखेच्या ताब्यात होता. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. अशी काही शाखा होती, हेच 1939 पर्यंत कुणाला माहीत नव्हते. ती माहिती हाती आली ती महाविद्यालयांत संस्कृत शिकलेल्या माणसांच्या चिकाटीमुळे.

या कामाची सुरुवात मुंबईत झाली. गोव्यातून आलेले भाऊ दाजी लाड एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. कच्छ-काठेवाडातल्या बालिकाहत्येवरच्या त्यांच्या निबंधाला 1847 साली बक्षीस मिळाले आणि 1851 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते डॉक्टर झाले. वैद्यकी सांभाळून त्यांनी जुने शिलालेख वाचायला घेतले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख त्यांनी 1860 च्या दशकात अभ्यासकांपुढे ठेवला. हरिषेण या वाकाटक राजाचा मंत्री वराहदेव याने ते लेणे कोरवून घेतले आणि आपल्या धन्याची वंशावळही भिंतीवर लिहवून ठेवली. लेख पाण्याने व काळाने झिजलेला होता. कित्येक अक्षरे उडालेली होती. पुढे ब्यूलर या जर्मन पंडिताने तो पुन्हा संपादित केला, तरी काही राजांच्या नावांचा घोळ राहिलाच.

दरम्यान महाविद्यालयीन शिक्षणाला विद्यापीठाची चौकट मिळाली होती. मालवणचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1862 साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत होते. पुढे त्यांनी डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवले आणि 1884 मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. लेख, नाणी आणि ग्रंथ एकमेकांशी ताडून पाहायचे आणि पुरावा जिथे थांबेल तिथे आपणही थांबायचे, ही त्यांची पद्धत. महाराष्ट्रातल्या इतिहाससंशोधनाला मिळालेली ही सर्वांत मोलाची देणगी म्हटली पाहिजे.

त्याच डेक्कन कॉलेजात पुढच्या पिढीत वासुदेव विष्णु मिराशी शिकले. कोकणातल्या कुवळे गावी 1893 साली त्यांचा जन्म झाला. संस्कृतात एम. ए. करून ते 1919 मध्ये नागपूरच्या मॉरिस कॉलेजात प्राध्यापक झाले. काव्यशास्त्र आणि नाटके शिकवणारा हा अध्यापक ताम्रपटांकडे वळला, आणि संस्कृत-प्राकृतावरचे प्रभुत्व त्याला तिथे खरोखर उपयोगी पडले.

1939 साली वाशीमला चार ताम्रपत्रे मिळाली. य. खु. देशपांडे, द. बा. महाजन आणि मिराशी यांनी त्यांचे वाचन केले. वत्सगुल्माहून, राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षी दिलेले हे दान होते. देणारा दुसरा विंध्यशक्ती, त्याचा पिता सर्वसेन, आजोबा पहिला प्रवरसेन. वंशावळ संस्कृतात, तर दानाचा व्यवहार प्राकृतात लिहिलेला. दान दिलेले गाव ‘नंदिकड’च्या उत्तर मार्गात होते. नंदिकड म्हणजे नांदेड, असे मिराशींनी ठरवले. नांदेडच्या उत्तरेकडची ही जमीन येलदरीच्याच टापूतली. तिचा राज्यकारभार पहिल्यांदा लेखी पुराव्यात दिसला तो इथे.

ताम्रपट वाचून झाल्यावर मिराशी अजिंठ्याच्या त्या जुन्या लेखाकडे परतले. सर्वसेन हे नाव आता माहीत होते. भिंतीवरची झिजलेली अक्षरे त्या नावाशी जुळली आणि आधीच्या वाचनातली गफलत दूर झाली. सोळाव्या लेण्यातली वंशावळ नागपूरकडच्या मूळ शाखेची नसून वाशीमच्या शाखेची आहे, हे उघड झाले. हे नवे वाचन 1941 मध्ये हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व ग्रंथमालेत छापले गेले. अजिंठा आणि परभणी तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. सर्वसेन हा ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता. काव्य हरवले आहे, पण अलंकारशास्त्राच्या ग्रंथांत त्याचे उल्लेख व अवतरणे टिकून आहेत. साहित्याचा अभ्यासक ज्या कवीला केवळ नावाने ओळखत होता, तो या खोऱ्याचा राजा निघाला. भाषा आणि पुरातत्त्व वेगवेगळ्या खोल्यांत शिकवली असती तर हा दुवा सापडायला आणखी किती वर्षे लागली असती, याचा विचार अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी जरूर करावा.

वाकाटकांच्या सर्व लेखांचा मिराशीकृत खंड 1963 मध्ये निघाला. वाशीमजवळच्या हिस्सेबोराळा येथील शिलालेख त्यात नाही. तो नंतर उजेडात आला. देवसेन राजाच्या काळी स्वामिल्लदेव या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ नावाचे तळे बांधले, असे तो सांगतो. वर्ष शके 380, म्हणजे इसवी सन 458 च्या सुमाराचे. वाकाटक राजे राज्यवर्षे मोजत. शकाचे वर्ष देणारा त्यांच्या काळातला हा एकच लेख, म्हणून साऱ्या कालगणनेला त्याचा आधार मिळतो. तळ्याचे नावही विचार करून ठेवलेले दिसते. गिरनारच्या पायथ्याशी मौर्यांनी बांधलेले आणि रुद्रदामनाने दुरुस्त केलेले प्रसिद्ध धरणही ‘सुदर्शन’च होते. पाणी अडवण्याची विद्या या भागात दीड हजार वर्षांपूर्वी राजमान्य होती, याचा हा दगडी पुरावा आहे.

उत्खननाने या खोऱ्याच्या इतिहासात वेगळी भर घातली. पूर्णेला मिळणाऱ्या केळना नदीच्या काठी भोकरदन आहे. तिथे 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली मिळून उत्खनन केले. सांची आणि भारहूतच्या दानलेखांत येणारे ‘भोगवर्धन’ ते हेच. तिथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीच्या जातकुळीची आहे. पूर्णेच्या वरच्या खोऱ्याचा व्यापार केवढ्या दूरवर पोहोचला होता ते तिच्यावरून कळते.

ही परंपरा पुढे न्यायची तर येलदरीच्या आसपासच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांची आणि जुन्या देवळांच्या जोत्यांची गावनिहाय नोंद करण्याचे काम जिंतूर-परभणीच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, आणि त्याआधी ब्राह्मी लिपी व थोडे प्राकृत शिकून घ्यावे.