काळ्या पाषाणातले रहिवासी

शिरूर-दौंडकडे विहीर खणताना आधी माती, मग मुरूम आणि शेवटी काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला हा बेसॉल्ट. भेगांतले पाणी सोडले तर त्यात काहीच नाही, अशी आपली समजूत असते. विद्यार्थिदशेत आमचीही होती.

याच जातीचा, पण वयाने पुष्कळ लहान असा बेसॉल्ट अमेरिकेत हॅनफर्ड येथे आहे. तेथे अणुबाँबसाठी प्लुटोनियम बनवले जाई. किरणोत्सारी कचरा या खडकात खोल पुरता येईल का, याचा अभ्यास तेथे बरीच वर्षे चालला. १९८७ साली कायदा बदलून तो बंद करण्यात आला. त्यात जिवाणूंचा काही हात नव्हता. पण १९९५ साली स्टीव्हन्स व मॅकिन्ली यांनी जाहीर केले, की त्याच परिसरातील बेसॉल्टच्या खोल पाण्यात जिवाणू आहेत आणि खडक व पाणी यांच्या अभिक्रियेतून निघणाऱ्या हायड्रोजनवर ते जगतात. सूर्यप्रकाशाची गरजच नाही! हायड्रोजन खरोखर असा निघतो का, यावर १९९८ साली आक्षेप घेतला गेला. जिवाणू आहेत, हे मात्र टिकले.

कचरा काचेत मुरवून पोलादी डब्यांत भरतात. आपल्याकडे तारापूरला हे केले जाते. सल्फेटचे सल्फाइड करणारे जिवाणू असे डबे गंजवू शकतात. उलट काही जिवाणू पाण्यात विरघळलेल्या युरेनियमचे न विरघळणारे रूप करतात, म्हणजे त्याची वाट अडवतात. हे १९९१ साली दाखवले गेले. चोर आणि पहारेकरी एकाच वस्तीत!

भारतात अशी खोल कोठी अजून बांधलेली नाही. १९८०च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे १००० मीटर खोलीवर, विजेचे तापक ठेवून खडक उष्णता कशी सोसतो ते पाहिले गेले. प्रश्न उष्णतेचा होता, जिवाणूंचा नव्हे. आपल्या बेसॉल्टमधील खोलवरच्या जिवाणूंचा शोध लागला तोही आडवाटेने. कोयनेला भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल छिद्रे घेतली होती. त्यांतील खडकांत सूक्ष्मजीव असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. बेसॉल्टमध्येही होते, त्याखालच्या ग्रॅनाइटमध्येही. आणि सल्फेटचे सल्फाइड करणाऱ्यांचे जनुक ग्रॅनाइटपेक्षा बेसॉल्टमध्ये अधिक आढळले.