दरवाजा आणि दिवा

रहदारीचे दिवे काढल्यानें रहदारी सुरळीत होते काय, या आजच्या प्रश्नाचा उलगडा आमच्या छत्रपती संभाजीनगराच्या इतिहासांत सांपडतो. मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेल्या खडकीस औरंगजेबानें १६८२ मध्यें तट घातला. त्याच्या दरवाज्यांचें कामच मुळीं आल्यागेल्यास अडविण्याचें. पुढें तट बहुतेक नाहींसा झाला, पैठण दरवाज्यास बगल देऊन रस्ते निघाले. वाट मोकळी झाली. पण आधीं कोणीं जावें हा तंटा उरलाच. उलट, मकाई दरवाज्याच्या अरुंद कमानींत दोन मोठीं वाहनें एकदम मावत नसत. एकास थांबणें भागच पडे. तेथें कमानच दिव्याचें काम करी.

नेदरलंड्समधील ड्राख्टन गांवीं या शतकाच्या आरंभीं हान्स मोंडरमान यांच्या योजनेनें एका गजबजलेल्या चौकांतील दिवे निघाले. परंतु त्यांच्या जागीं वर्तुळाकार मार्ग आला व वाहनांस वेग आवरावा लागला. खोळंबा कमी झाला तो यामुळें.

तात्पर्य, दिवा काढणें सोपें. त्याचें काम कोणावर सोंपविलें, हें महत्त्वाचें. ती तजवीज न करतां दिवे विझविले, तर रस्ता ओलांडूं पाहणाऱ्या वृद्धाची पाळी कधीं येणार, हें नगररचनाकारांनीं आधीं सांगावें, एवढेंच आमचें मागणें आहे.