मूळपेशी: एका शब्दाचं कूळ

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्याचं गाव. इथल्या शेतकऱ्याला फुटव्याचं शास्त्र शिकवावं लागत नाही. बेण्याच्या कांडीवरचा डोळा शाबूत असला की ऊस उगवतो. तोडणी झाली तरी जमिनीतल्या बुडख्याला पुन्हा फुटवे येतात आणि खोडवा उभा राहतो. अशा गावात स्वादुपिंडाला सूज आलेल्या माणसाच्या घरी ‘मूळपेशी’ हा शब्द पोचला, की खराब अवयवही खोडव्यासारखा नव्याने फुटेल असंच वाटणार. एवढी आशा या शब्दात आली कुठून?

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६८ मध्ये ‘श्टामत्सेले’ हा शब्द वापरला. श्टाम म्हणजे खोड, आणि वंशवृक्षाला जर्मनमध्ये म्हणतात श्टामबाउम. हेकेल यांच्या मनात होता सगळ्या सजीवांचा एकपेशीय पूर्वज. पुढे १८७७ मध्ये त्यांनी तोच शब्द फलित अंड्याला लावला. इंग्रजीत ‘स्टेम सेल’ झाल्यावर खोड उरलं, वंश मागे पडला. मराठीत ‘स्कंधपेशी’ हा शब्द खोडाला धरून आहे, पण मला ‘मूळपेशी’च जवळचा वाटतो. आपले कुलवृत्तांत मूळपुरुषापासून सुरू होतात. हेकेल यांना अभिप्रेत असलेलं नातं त्यात नकळत परत आलं.

शब्दाला पुरावा मिळाला १९६१ मध्ये. टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलक यांनी किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना अस्थिमज्जा टोचली. प्लीहेवर गाठी उठल्या आणि त्यांत रक्ताच्या निरनिराळ्या पेशी तयार होत होत्या. इथे मूळपेशी खरोखर मूळपुरुषासारखी वागली.

मज्जेतल्या दुसऱ्या एका पेशीने मात्र घोटाळा केला. हाड आणि कूर्चा घडवू शकणाऱ्या या पेशीला अमेरिकेतल्या आर्नल्ड कॅपलन यांनी १९९१ मध्ये ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ असं नाव दिलं. स्वादुपिंडाच्या दाहावर आज आजमावल्या जातात त्या प्रामुख्याने याच पेशी. या आजारात पचनाचे रस आतड्यात पोचण्याआधीच ग्रंथीत जागे होतात आणि ग्रंथीलाच पचवू लागतात. हे आत्मपचन प्रागच्या हान्स कियारी यांनी १८९६ मध्येच मांडलं होतं. उंदरांवरच्या प्रयोगांत या पेशींनी दाह कमी केला, पण तो मुख्यतः त्यांच्यातून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे. त्या स्वतः स्वादुपिंड झाल्या म्हणून नव्हे. आग विझवणं आणि जळालेलं घर पुन्हा बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि रुग्णाला ‘मूळ’ या शब्दातून ऐकू येतं ते दुसरं.

पुनर्बांधणीचा शोध आपल्याकडेही झाला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे आणि त्यांचे विद्यार्थी आनंदवर्धन हर्डीकर यांनी इन्सुलिन बनवणाऱ्या द्वीपपेशींवर वर्षानुवर्षं काम केलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात मधुमेही उंदरांच्या स्वादुपिंडाचा काही भाग कापून काढला, आणि त्यांची साखर ताळ्यावर आली. तुटल्यावर फुटण्याची ताकद या अवयवात आहे, एवढी ती खूण होती. खोडव्याशी खरं नातं जुळतं ते इथे. पण उंदराच्या पिंजऱ्यातून माणसाच्या खाटेपर्यंतचं अंतर मोठं आहे.

२०१७ मध्ये कॅपलन यांनीच, आपण ठेवलेलं नाव बदला, अशी जाहीर मागणी केली. या पेशींमुळे औषध मिळाल्यासारखा परिणाम होतो, पण ‘स्टेम सेल’ म्हटल्याने लोकांची दिशाभूल होते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाने मूळपेशी संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. ठरावीक आजारांतलं रक्तनिर्मितीच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर मंजूर चाचणीबाहेर माणसावर मूळपेशी वापरणं त्यांत अनैतिक ठरवलं आहे. स्वादुपिंडाचा दाह त्या सुटीत बसत नाही. म्हणून कुणी या उपचाराचा दर सांगू लागला, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक आधी मागावा.